मगदूमबाईंचा खांदा

वीस-पंचवीस कानशी एकदम लोखंडावर चालल्या की कसला कालवा होतो, हे ज्यानं एकदा ऐकलंय तोच जाणे. कोणी घाईघाईनं घासतंय, कोणी रडतखडत, कोणी मध्येच थांबून शेजारणीच्या कानाशी लागलंय. कुरणवाडीच्या टेक्निकल हायस्कूलच्या कर्मशाळेत पद्मजा मगदूम यांनी अर्धं आयुष्य या कालव्यात काढलं होतं. फळ्याकडे तोंड करून उभ्या असल्या तरी मागे कोणाची कानस तिरकी चाललीय हे त्यांना नुसतं ऐकून कळे, आणि मग खडूचा तुकडा नेमका त्याच दिशेनं जाई.

या जूनपासून मात्र कर्मशाळेत एकच आवाज होता. खर्रर्र, क्षणभर गप्प, पुन्हा खर्रर्र. सगळ्या कानशी एकदम पुढे, एकदम मागे. पोलिसांची कवायत परवडली. येणारे-जाणारे दारात थबकून म्हणत, "वा, काय शिस्त आहे!" मगदूमबाईंना त्या शिस्तीचा उबग आला होता. तो आवाज त्या चांगला ओळखत होत्या, कारण तो त्यांच्याच हाताचा होता.

हे सगळं बाहीमुळे झालं होतं.

झालं होतं असं, की मोडलेल्या वस्तू फेकून देण्यावर सरकारनं बंदी आणली. पंप असो, विजेवरची स्कूटर असो की छपरावरची छोटी पवनचक्की, आधी ती दुरुस्त करायची. नवी वस्तू हजारांनी बनवायला यंत्रमानव पटाईत होते, पण गंजलेल्या, झिजलेल्या, प्रत्येक घरी वेगळ्या तऱ्हेनं मोडलेल्या वस्तूपुढे ते हात टेकत. तिथं माणूसच लागे, आणि माणसांच्या दोन पिढ्या तर काचेवर बोट फिरवण्यापलीकडे काही शिकल्या नव्हत्या. कुरणवाडीसारखी एखादी शाळा सोडली तर कर्मशाळा सगळीकडे कुलूपबंद होत्या, त्या घाईघाईनं उघडल्या गेल्या. लोखंड आवळून धरणारे वाईस आले, करवती आल्या, कानशी आल्या. शिकवणारं माणूस मात्र दहा शाळांत मिळून एक सापडेना. तेव्हा पुण्याच्या 'करकौशल' नावाच्या कंपनीनं ही बाही बाजारात आणली.

बाही म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत चढवायचं, क्रिकेटपटू घालतात तसलं घट्ट कापड. आतल्या बाजूला संवेदकांचं जाळं. आपण हात हलवतो तेव्हा मेंदूकडून निघालेला विजेचा बारीक संदेश स्नायूंना पोचतो, आणि त्वचेवर नीट कान लावला तर तो बाहेरूनही टिपता येतो. करकौशलनं आधी एका उस्तादाच्या हातावर बाही चढवून त्याचे सगळे संदेश टिपून घेतले. कुठला स्नायू कधी आवळला, किती आवळला, कधी सोडला, सगळं. मग तोच क्रम उलट दिशेनं, बाहीकडून हाताकडे, चालवला. नवशिक्यानं बाही घातली की ती त्याच्या स्नायूंना तसेच बारीक झटके देई आणि त्याचा हात उस्तादासारखा चालू लागे. एवढंच नव्हे, हात वाट सोडतोय असं दिसताच, तो प्रत्यक्ष चुकायच्या आतच, बाही त्याला वळवून घेई. आठवीतलं पोर पहिल्याच दिवशी लोखंडाचा तुकडा आरशासारखा सपाट करून घरी नेई, आणि घरचे तोंडात बोटं घालत.

लोखंडकामाच्या बाहीतला उस्ताद म्हणजे पद्मजा मगदूम. त्यांना निवडलं निनाद चौगुलेनं. निनाद त्यांचाच विद्यार्थी, आता करकौशलमधला मोठा इंजिनियर. "मॅडम, तुमच्यासारखी कानस अख्ख्या महाराष्ट्रात कोणी चालवत नाही. तुमचा हात प्रत्येक पोराला देतो की नाही बघा," असं म्हणत तो आला आणि उन्हाळाभर बाईंच्या हातावर संवेदक चिकटवून बसला. बाईंनी त्या आनंदात साऱ्या शिक्षकवर्गाला पेढे वाटले होते. विद्यार्थी नावाजला की शिक्षकाची छाती फुगते, आणि विद्यार्थ्यानं आपल्याला नावाजलं तर मग काही विचारूच नका.

बाहीतली गोम पहिल्यांदा दिसली ती तहसीन मुजावरमुळे.

तहसीन दहावीत होती. तिचे अब्बा टेम्पो चालवत, अम्मी घर सांभाळून शिवणकाम करी, आणि पोरीच्या डोक्यात लहानपणापासून एकच भूत होतं, की आपण वस्तू घडवायला शिकायचं. तिला पुण्याच्या मोठ्या डिझाइन संस्थेत जायचं होतं. करकौशलनं तिथं आपल्यातर्फे काही जागा राखल्या होत्या, आणि कुरणवाडीतून तहसीनचं नाव जवळजवळ ठरलेलं होतं.

गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यात मगदूमबाईंनी पाहिलं, तहसीन कानस खाली ठेवून उजवा खांदा दाबत होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाई मॅडम. झोपेत अवघडला असंल."

"रोज अवघडतोय? परवापण दाबत होतीस."

"मी करतो मॅडम, होतंय," तहसीन म्हणाली. कुरणवाडीकडच्या पोरी 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

बाईंनी वर्गावर नजर फिरवली. आणखी दोघी-तिघी उजवा खांदाच चोळत होत्या. मागच्या रांगेतला एक आडदांड मुलगा हात गोल फिरवून तोंड वाकडं करत होता. बाई दाराशी गेल्या आणि तिथून त्यांनी अख्खी रांग एका बाजूनं पाहिली. कानस पुढे गेली. ती टोकाला पोचता पोचता रांगेतली सगळी उजवी कोपरं एकदम बाहेर उचलली गेली, खांदे किंचित कलले, मनगटं आत वळली, आणि मग कानशी मागे आल्या. पुन्हा पुढे, पुन्हा तीच उचल. एवढी निरोगी पोरं, आणि सगळी एकाच पद्धतीनं लंगडल्यासारखी दिसत होती.

कापडात काही बिघाड असेल असं बाईंना आधी वाटलं. पण कुठंतरी पाल चुकचुकली. सगळे डबा खायला गेल्यावर त्यांनी एक कानस उचलली, हत्यारांच्या काचेच्या कपाटासमोर वाईसपाशी उभ्या राहिल्या आणि काचेत बघत घासू लागल्या. त्यांचंही कोपर तसंच उचललं जात होतं.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी त्या स्कूटीवरून पडल्या होत्या. कॉलरबोन मोडलं आणि वाकडंच जुळलं. परीक्षा तोंडावर होती, म्हणून तसल्या खांद्यानिशीच त्या कर्मशाळेत उभ्या राहिल्या. दुखरी जागा चुकवण्यासाठी हातानं बाहेरून वळसा घेतला आणि तो वळसा कायमचा होऊन बसला. त्यांच्या मोडक्या खांद्याला तो सोयीचा होता. त्याच वळशासकट त्यांचं काम सुरेख होई, त्यामुळे त्यांना कधी तो दिसला नाही आणि इतर कोणालाही नाही. बाहीनं मात्र तो इमानेइतबारे टिपला आणि ज्यांच्या खांद्यात काहीही मोडलेलं नव्हतं अशा पोरांना दिवसेंदिवस तसा वळसा घ्यायला लावला. धडधाकट सांध्याला नसलेली इजा चुकवायला लावली तर तो दुखणार नाही तर काय?

मगदूमबाईंनी कानस खाली ठेवली. ही बाही आता शेकडो शाळांत होती.

त्याच दिवशी त्यांनी तहसीनला डॉक्टरांकडे नेलं. खांद्यातला स्नायूबंध सुजलाय, पोरीनं हे काम असंच चालू ठेवलं तर कायमचं दुखणं मागे लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला बाही काढायला लावली.

"आता घास."

तहसीननं कानस तुकड्यावर टेकवली आणि ती तशीच उभी राहिली.

"अगं, चालव की."

"मॅडम..." पोरगी गोंधळून स्वतःच्या हाताकडे बघत होती. "हात सुरूच होईना झालाय. कोणतरी ढकलंल म्हणून थांबलाय."

तिनं कशीबशी कानस रेटली तर ती हेलकावे खात गेली आणि तुकड्याची कड गोल करून आली. आठवीतल्या नव्या पोरानं केली असती तशी. इतक्या महिन्यांत तिच्या नावावर कितीतरी तुकडे चकचकीत झाले होते, त्यांतलं एकही काम तिच्या हातात उतरलं नव्हतं.

यात नवल तरी काय? मेंदूच्या मागच्या बाजूला एक छोटा मेंदू असतो, त्याचं काम हात-पाय-तोल यांचा हिशेब ठेवणं. हात जिथं जायला हवा होता आणि प्रत्यक्षात जिथं गेला, त्या दोहोंतला फरक हा छोटा मेंदू टिपतो आणि पुढच्या वेळी तेवढी दुरुस्ती करतो. फरक पडलाच नाही तर त्याला टिपायला काही उरत नाही. बाही चूक होऊच देत नव्हती, म्हणून शिकणंही होत नव्हतं. मगदूमबाईंना हे शास्त्र निराळ्या भाषेत आधीपासून ठाऊक होतं. कर्मशाळेच्या भिंतीवर त्यांनी एक तार ताणली होती आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं बिघडवलेला पहिला तुकडा नावासकट तिच्यावर टांगायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. यंदा तारेवर एकही नवा तुकडा चढला नव्हता आणि बाई मूर्खासारख्या खूश झाल्या होत्या.

त्यांनी निनादला फोन लावला. तो शनिवारी स्वतः गाडी घेऊन आला. बाईंच्या पाया पडला, कर्मशाळेतल्या स्टुलावर बसला आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्रुटी आहे मॅडम, मान्य. उन्हाळ्यात सुधारलेली बाही काढू. अनेक उस्तादांच्या हातांची सरासरी काढली की कुणा एकाचा वळसा उरणार नाही."

"आणि उन्हाळ्यापर्यंत?"

"उन्हाळ्यापर्यंत पोरांना थोडी विश्रांती द्या, मलम द्या..."

"निनाद, मलम लावून घासायला लावू पोरांना?"

"तसं नाही हो. पण आता हा विषय काढू नका. खंडेनवमीला पाहुणे येतायत, शेजारच्या राज्यांचे शिक्षण अधिकारी. मी मुद्दाम तुमची कर्मशाळा निवडली. हत्यारांची पूजा, झेंडूच्या माळा आणि त्यात आपली बाही, फोटो काय येतील! प्रात्यक्षिक तहसीन देईल आणि तिथल्या तिथं तिची जागा जाहीर होईल. तुम्हाला पाहिजे ना ती जागा तिला?"

"पाहिजे. पण खांद्यासकट पाहिजे. आणि ती पुण्याला जाऊन करणार काय? बाही काढली की तिला सरळ रेघसुद्धा घासता येत नाही."

"काढायची कशाला?" निनाद पटकन म्हणाला. "चष्मा काढायला सांगतो का आपण कुणाला?"

बाईंनी उठून भिंतीवरच्या तारेवरून एक गंजका तुकडा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याचाच होता. चौकोन करायला गेला होता, पण झालं होतं भलतंच काहीतरी. बाईंना वाटलं तो हसेल, पण निनाद हसला नाही. त्याचा आवाज चढला आणि पुण्याची भाषा गळून पडली.

"ह्यो तुकडा मला इसरायला सांगू नका मॅडम. तीन महिनं एकच चौकोन घासाय लावलासा. बोटं सोलली माझी. मी टिकलो. पण माझ्यासंगं सुरेखा होती, मारुती होता, ती गेली की सोडून. सुरेखाला तर 'पोरींचं काम न्हाई हे' म्हणून घरच्यांनीच काढलं, आणि तुम्ही तिला एका शब्दानं थांब म्हणाला न्हाईसा. बाही आली म्हणून आज तुमच्या वर्गात निम्म्या पोरी हाईत. ती बी काढून घ्यायची?"

हे मात्र बाईंना झोंबलं, कारण ते खरं होतं. पहिले महिने तग धरील तोच आपला, अशी त्यांची घमेंड होती, आणि गळालेल्यांच्या मागे त्या कधी गेल्या नव्हत्या.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "सुरेखाला थांबवायला हवं होतं. यांतल्या एकालाही आता जाऊ देणार नाही, मागे लागून शिकवीन. पण माझा मोडका खांदा त्यांच्या गळ्यात बांधणार नाही. माझा हात काढून घे बाहीतून."

निनाद उठला. "तो हात आता कंपनीचा आहे मॅडम. तुमची सही आहे," तो खाली बघत म्हणाला आणि गाडीकडे गेला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच हाताबद्दल असं ऐकून घ्यायची वेळ कोणावर येऊ नये.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मगदूमबाई राहतील त्या पोरांकडून उघड्या हातानं काम करून घेऊ लागल्या. काम भयंकर होई. तहसीन दोन्ही खांद्यांवर भार वाटून सावकाश, दुखणार नाही अशा बेतानं घासायची, तुकड्याला गुण्या लावून उजेडाकडे धरायची आणि हिरमुसायची. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. तुकडा चोख असेल तर पट्टी आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसत नाही. तहसीनच्या तुकड्यातून दिवाळी दिसायची. तरीही ती रोज थांबत होती. पुण्याच्या जागेपायी दिवसा बाही घालायची आणि संध्याकाळी काढायची, असा तिचा दोन दगडांवर पाय होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाईंनी वर्गाला सगळं सांगितलं. वळसा, सूज, छोटा मेंदू, काहीही हातचं न राखता.

"तुमची आई तुमचे हात धरून रोज भाकरी थापायला लागली, तर भाकरी गोल होईल की नाही?"

"होईल."

"मग आई चार दिवस गावाला गेली तर?"

"उपाशी!" मागून कोणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला.

"तर हे असं आहे. उद्या पाहुणे येणार. ज्याला बाही घालायची त्यानं घालावी, मी रागावणार नाही. मी मात्र त्यांना खरं काय ते सांगणार आहे."

वर्ग रिकामा झाला तरी तहसीन वाईसपाशीच उभी होती.

"तुमचं बरंय मॅडम," ती म्हणाली. डोळे भरले होते, आवाज मात्र तिखट होता. "तुमचा हात कधीच झाला तुमचा. आमचा कवा व्हायचा? अम्मी म्हणती, खांदा काय महिन्यात बरा होईल, पण गेलेली जागा पुन्हा मिळत न्हाई. अब्बांनी समद्या गल्लीला सांगून ठेवलंय. आणि तुम्ही उद्याच खरं बोलणार!"

"काय करू, गप्प बसू?"

"तसं कुठं म्हणलो मी?" तिनं दप्तर उचललं आणि ती मागे न बघता गेली.

बाईंना जेवण गेलं नाही. पोरगी उद्या बाही घालणार असं त्या धरून चालल्या होत्या, आणि त्यासाठी तिच्यावर रागवायचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही, हेही त्यांना पटत होतं.

खंडेनवमीला सकाळी त्या कर्मशाळेत शिरल्या आणि दारातच थांबल्या.

कुरणवाडीत खंडेनवमीचा नियम कडक. त्या दिवशी गावातलं प्रत्येक हत्यार धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्या हत्याराला कोणी हात लावायचा नाही, मग मालक येवो की मामलेदार. नियम जातीधर्माचा नव्हता, हत्याराचा होता. तहसीनचे अब्बाही त्या दिवशी टेम्पोला माळ घालून घरी बसत. निनादला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? तो तर याच गावचा. पण एवढी वर्षं बाहेर राहून खंडेनवमी म्हणजे झेंडूचे फोटो एवढंच त्याच्या लक्षात उरलं होतं. कार्यक्रमात त्यानं प्रात्यक्षिक आधी लावलं होतं आणि पूजा नंतर.

पोरांनी पूजा आधीच उरकली होती. भिंतीपाशी लांबलचक पाट मांडलेले, त्यांवर पांढरं कापड, आणि त्या कापडावर रांगेनं बाह्या. फक्त बाह्या. प्रत्येकीवर हळद-कुंकवाची बोटं, प्रत्येकीला झेंडूची माळ, पुढे नारळ फोडलेला, उदबत्ती अर्धी जळालेली. कानशी मात्र दरवर्षीसारख्या पाटावर नव्हत्या. त्या एकेका वाईसपाशी, कामाला तयार ठेवलेल्या होत्या.

तहसीन ओढणी कमरेला खोचून उभी होती. बोटं हळदीनं पिवळी झालेली.

"कानशी राहिल्या पूजेच्या," बाई म्हणाल्या.

"कानशींची पूजा सांजच्याला करू की मॅडम. आत्ता त्यांचं काम हाय."

एवढ्यात मुख्याध्यापक हुक्केरीसर पाहुण्यांना घेऊन आले. मागोमाग निनाद आणि त्याचे कॅमेरेवाले. निनादनं पाट पाहिले आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला सगळं एका क्षणात समजलं. अखेर गावचाच पोरगा.

पाहुण्यांत मुख्य होत्या श्रीमती बिराजदार. मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळे मराठी चांगलं बोलत. "छान सजावट केलीय," त्या म्हणाल्या. "हं, मुलांनो, घाला बाह्या. बघू तुमचं काम."

कोणीही हललं नाही.

"घाला की रे," निनाद दबक्या आवाजात म्हणाला.

"तुम्हीच काढून द्या दादा," तहसीन म्हणाली. "पूजेतलं उचलायचं धाडस आमच्यात न्हाई."

निनाद पाटाकडे एक पाऊल सरकला आणि थांबला. हुक्केरीसरांनी कपाळावरचा घाम पुसला. तसे ते कोणालाही घाबरणारे, पण आज हत्याराला घाबरले. "नाही हो मॅडम, आज त्यांना हात लावता येत नाही," त्यांनी बिराजदारबाईंना सांगितलं. "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"मग आम्ही इतक्या लांबून बघायला काय आलो?"

"माझा खांदा," मगदूमबाई म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

त्यांनी साडीचा पदर खोचला, वाईसमध्ये तुकडा आवळला आणि कानस चालवू लागल्या. खर्रर्र, क्षणभर गप्प, खर्रर्र. "माझं कोपर बघा. टोकाला गेल्यावर कसं उचलतंय. मोडलेलं हाड वाकडं जुळलं, त्याची ही खोड आहे. आता निनाद, ती तुमची जाहिरातीची फिल्म लाव."

निनाद जागचा हलेना. शेवटी बिराजदारबाईंनीच आपल्या फोनवर ती लावली. राज्यातल्या कुठल्या कुठल्या शाळांतली पोरं त्यात हसत हसत घासत होती, आणि प्रत्येकाचं उजवं कोपर टोकाला गेल्यावर बाहेर उचललं जात होतं. बिराजदारबाईंनी फिल्म थांबवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबवली.

"सगळ्यांचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळ्यांचं. पाच-सहा जणांचे खांदे सुजलेत या एका वर्गात. बाकीच्या शाळांचं तुम्ही विचारा. आणि बाही काढली तर एकालाही काम येत नाही, कारण चुकायची सोयच ठेवलेली नाही. माझा हात परत मागितला तर म्हणतात, तो कंपनीचा. असू दे कंपनीचा! पण या कर्मशाळेत मी उभी आहे तोवर तो माझ्या पोरांच्या अंगावर चढणार नाही. मला काढायचं तर आजच काढा."

हुक्केरीसरांनी डोळे मिटून घेतले. निनाद म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे जगासमोर..."

"पोरांनो, लागा कामाला," बाई म्हणाल्या.

आणि काय तो कालवा झाला! कोणाची कानस किंचाळली, कोणाची घसरली, कोणी दातओठ खात रेटलं, कोणी शेजारणीला विचारून घेतलं. एकाही हाताचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. पाहुण्यांपैकी एकानं कानांवर हात ठेवले. मगदूमबाईंच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. पुष्कळ दिवसांनी त्यांना कानानं कळत होतं की कोण कुठं चुकतंय.

बिराजदारबाई तहसीनपाशी येऊन उभ्या राहिल्या. तिनं तुकडा वाईसमधून सोडवला, गुण्या लावला आणि उजेडाकडे धरला. फट चांगली ठसठशीत दिसत होती.

"हा तर बिघडलाय," त्या म्हणाल्या.

"हो, बिघडलाय," तहसीन म्हणाली. मान ताठ होती. "मीच बिघडवलाय. ह्या कडेला दाब जास्त पडला, हिकडं कमी. कुठं बिघडला ते मला दिसतंय. बाहीतला एकदा पण बिघडला न्हाई, आणि एकदा पण मला काय दिसलं न्हाई."

"ती राखीव जागा तुझ्यासाठी होती ना? हा तुकडा दाखवून मिळायची नाही ती."

"ठाऊक हाय मला."

बिराजदारबाईंनी तिच्या हळदीच्या बोटांकडे पाहिलं, फोन पर्समध्ये टाकला आणि निनादला म्हणाल्या, "चौगुले, आमच्या राज्याशी व्हायचा करार सध्या थांबवा. आधी तुमच्या शाळांतल्या मुलांचे खांदे तपासून घ्या. आम्ही लक्ष ठेवू." आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

जागा गेली. त्याच दुपारी कंपनीचा निरोप आला, कुरणवाडीचं नाव वगळलं म्हणून. तहसीनच्या अम्मीनं फोनवर मगदूमबाईंना चांगलं फैलावर घेतलं, आणि बाईंनी मान खाली घालून ते सगळं ऐकलं. संस्थेची खुली परीक्षा वैशाखात होती. तिथं बाहीशिवाय काम करून दाखवावं लागे, आणि आजवर कुरणवाडीचं कोणी त्यात पास झालेलं नव्हतं. पोरगी पास होईल, असं वचन बाईंना देता येईना. त्यांनी ते दिलंही नाही.

निनाद सगळ्यांत शेवटी निघाला. दाराशी रेंगाळून म्हणाला, "मॅडम, नोकरी राहील असं वाटत नाही माझी."

"ये मग इकडे. वाईस रिकामे आहेत," बाई म्हणाल्या. तो कसनुसा हसला आणि गेला. येईल की नाही, कोण जाणे.

पाहुणे गेले, कॅमेरे गेले, पोरंही प्रसादाचं खोबरं खात पांगली. तहसीन तेवढी वाईसपाशी होती. तिनं नवा तुकडा आवळला, पाय रोवले आणि कानस पुढे रेटली. ती डावीकडे झुकली. दुसऱ्या वेळी जरा कमी झुकली. तिसऱ्या वेळी पुन्हा पहिल्यासारखीच.

मगदूमबाईंना राहवेना. त्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि जन्माच्या सवयीनं त्यांचा हात तिच्या कोपराकडे गेला. एवढंसं आधाराला धरलं की झालं, कानस सरळ जाईल.

तहसीन थांबली. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मॅडम, हात काढा."

बाईंनी हात काढला. दोन पावलं मागे सरून त्यांनी तो पदरात गुंडाळून घेतला आणि पोरीची कानस वाकडी जाताना बघत त्या उभ्या राहिल्या.